नदी-तळ्यातल्या माशांमधले जड धातू : खायचे, कमी करायचे की बंदच?

काठावरचा

नमस्कार मंडळी. घरात गेले काही दिवस एकाच विषयावरून कटकट चालू आहे म्हणून इथे टाकतोय, जाणकारांनी जरा सांगा. आमच्याकडे मासे म्हणजे नदीतलेच, मामा स्वतः गळ टाकून आणतात आणि आठवड्यातून दोनतीनदा तरी होतातच. आता कुणीतरी फॅमिली ग्रुपवर एका रिसर्च पेपरमधल्या तक्त्याचा फोटो टाकला, गोड्या पाण्यातल्या माशांत शिसं मर्यादेच्या साडेतीनपट, कॅडमियमपण जास्त, वगैरे. ती नदी आमची नाही, पण वरच्या अंगाला कारखाने तिच्याही आहेत आणि आमच्याही. वहिनी गरोदर आहे आणि घरात एक तीन वर्षांची पुतणी आहे, त्यामुळे आईचा हुकूम की आजपासून मासे बंद, आणि मामा म्हणतात आम्ही खाऊनच मोठे झालो, तुझे पेपरवाले काय सांगतात. मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये. धुऊन शिजवून काही कमी होतं का, कुठले मासे टाळायचे, आणि अशा तक्त्यावर कितपत विश्वास ठेवायचा?

निवांत_बसलोय

काही होत नाही हो. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मग खळखळून उकळा, जे काय असेल ते निघून जातं. हे रिसर्चवाले उद्या श्वाससुद्धा घेऊ नका म्हणतील.

लॅबमधला_उंदीर

निवांत, उकळल्यावर जंतू मरतात कारण ते जिवंत असतात. पारा, शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, त्यांना तुम्ही उकळा, तळा, भाजा, ती तिथेच राहतात. पाऱ्याचं तर उलटच होतं. माशाच्या अंगात जो पारा असतो तो बहुतेक सगळा मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं सेंद्रिय रूप, आणि तो मांसातल्या प्रथिनांमध्ये जे गंधक असतं त्याला घट्ट चिकटून बसलेला असतो. शिजवताना पाणी उडून जातं, पारा जात नाही, म्हणजे शिजलेल्या तुकड्यात दर ग्रॅममागे पारा कच्च्यापेक्षा थोडा जास्तच निघतो. कातडी आणि चरबी काढून टाका असा सल्ला असतो ना, तो पीसीबीसारख्या चरबीत विरघळणाऱ्या रसायनांसाठी आहे, पाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

काठावरचा, आता तुमच्या तक्त्याबद्दल. मी अशाच नमुन्यांवर काम करतो त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट बघा की आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या. माशाच्या मांसात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. लॅबमध्ये बरेच जण नमुना वाळवून, पूड करून मोजतात, त्यामुळे आकडा चार ते पाच पट मोठा दिसतो. कायद्यातल्या मर्यादा मात्र ओल्या वजनावर असतात. शिशाची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) आणि युरोपियन युनियनची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. समजा पेपरमध्ये सुक्या वजनावर १.१ आलंय, तर लेखक किंवा फोटो पाठवणारा म्हणणार साडेतीनपट, आणि ओल्यावर आणलं की ते ०.२२ ते ०.२८ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत. ही गफलत इतकी कॉमन आहे की मी तक्ता बघितला की आधी खालची बारीक अक्षरातली ओळ वाचतो. तुमच्या फोटोत ती ओळ कापली गेली असेल तर तो फोटो काहीच सांगत नाही असं समजा.

दुसरी, कुठला अवयव मोजलाय. कल्ले, यकृत, मूत्रपिंड यांच्यात मांसापेक्षा कितीतरी जास्त धातू सापडतात. शिसं हाडात, कल्ल्यात, खवल्यात जातं. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात, तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं एक प्रथिन त्याला बांधून ठेवतं. पेपरमध्ये ‘माशात सापडलं’ लिहितात आणि आकडा असतो यकृताचा. माणूस खातो मांस.

तिसरी गोष्ट म्हणजे अशा पेपरांच्या शेवटी एक ‘धोका भागफल’ काढलेला असतो, एकपेक्षा कमी आला की सुरक्षित, जास्त आला की धोका. रोज किती मासे खातात, माणसाचं वजन किती, आणि त्या धातूचा सुरक्षित मानलेला डोस किती, एवढ्यावर तो गुणाकार-भागाकार चालतो. त्यातला डोस नीट बघा. क्रोमियमसाठी बरेच जण सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमचा डोस वापरतात, पण माशाच्या शरीरात ते प्रामुख्याने तीन संयुजेचं, कमी विषारी असतं, म्हणजे धोका फुगतो. आणि शिशाच्या बाबतीत बरोबर उलटं. तिथे किलो वजनामागे रोज साधारण ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा वापरतात, तो आला कुठून, तर एफएओ-डब्ल्यूएचओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या) समितीची जुनी आठवड्याची मर्यादा होती २५, तिला ७ ने भागा. ती मर्यादा त्याच समितीने २०१० मध्ये मागे घेतली, कारण तेवढ्या शिशाने मुलांचा बुद्ध्यांक किमान ३ अंकांनी घसरतो असं त्यांनाच दिसलं. नवीन मर्यादा त्यांनी दिलीच नाही, सुरक्षित अशी पातळीच दाखवता येत नाही म्हणून. तरी आजही पेपर छापून येतात, शिशाचं भागफल ०.०५, काळजी नसावी. म्हणजे घाबरवणारा तक्ता खोटा असू शकतो तसाच धीर देणारा तक्तापण.

गळ_आणि_गप्पा

उंदीरसाहेबांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट त्यांनी फार पटकन सोडली. ‘जड धातू’ अशी एकच मोळी बांधून बोललं की सगळा घोळ होतो, पाऱ्याची चाल वेगळी आहे आणि बाकीच्यांची वेगळी. मी केमिस्ट नाही, मासे धरणारा आहे, पण या विषयाचं बरंच वाचून काढलंय कारण खाणारा मीच.

पारा पाण्यात येतो तो साधा, अजैविक. तळाच्या गाळात जिथे ऑक्सिजन नसतो तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात जातो, शेवाळ खाणाऱ्या बारक्या किड्यात, किडे खाणाऱ्या छोट्या माशात, छोट्याला खाणाऱ्या मोठ्यात, आणि दर पायरीला वाढत जातो कारण शरीराबाहेर पडायला त्याला फार वेळ लागतो. वरच्या पायरीवरच्या शिकारी माशात तो भोवतालच्या पाण्यापेक्षा दहा लाख पटींनी आणि त्याहूनही जास्त असू शकतो. म्हणून पाण्याचा रिपोर्ट क्लीन आला तरी माशाबद्दल काही कळत नाही. शिसं आणि कॅडमियम साखळीत असे चढत नाहीत, बहुतेक वेळा वरच्या पायरीला कमीच होतात.

यातून मासे निवडायचा सरळ नियम निघतो. मरळ, परदेशातले पाईक, वॉलाय, बास, मोठे शिकारी कॅटफिश, हे दुसऱ्या माशांवर जगणारे, यांच्यात पारा जास्त. रोहू-कटल्यासारखे कार्प, तिलापिया, शेवाळ-वनस्पती-प्लवक खाणारे, यांच्यात कमी. आणि एकाच जातीत जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त. आम्हा गळवाल्यांची पंचाईत इथेच होते, ज्या धुडाबरोबर फोटो काढायचा तोच पानात घ्यायला सगळ्यात वाईट :) मी मोठा शिकारी मासा लागला तर सोडून देतो आणि मधल्या आकाराचा ठेवतो. तळ्यात पाळलेले मासे कमी वयात काढतात आणि खाद्य बाहेरून मिळतं, त्यामुळे त्यांच्यात पारा सहसा कमी असतो.

अजून एक गोष्ट जी लोकांना माहीतच नसते. कारखाना नसला तरी पारा असू शकतो. कोळसा जळतो, त्यातला पारा हवेत जातो आणि शेकडो मैल लांब पावसाबरोबर पडतो. आम्लधर्मी पाण्याचे तलाव, दलदलीच्या कडेचं पाणी, इथे मिथाइल पारा जास्त बनतो, दिसायला अगदी स्वच्छ निसर्गरम्य असलं तरी. आणि नवीन धरणं! जमीन बुडाली की त्यातला पालापाचोळा कुजतो, जिवाणूंना मेजवानी मिळते आणि मातीतला पारा मिथाइल व्हायला लागतो. कॅनडातल्या क्वेबेकच्या उत्तरेला ला ग्रांद जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयांत हे नीट मोजलं गेलंय, शिकारी माशांतला पारा कित्येक पटींनी वाढला आणि पूर्वीच्या पातळीला यायला २० ते ३० वर्षं जातात.

निवांत_बसलोय

मग मामांचं काय चुकलं? पिढ्यान्‌पिढ्या लोक खातायत, कुणाला काय झालं ते दाखवा. आणि मासा खराब असेल तर वासावरून, रंगावरून कळतोच की.

खेकडा_तिरका

वासावरून शिळा मासा कळतो, पारा नाही. मिथाइल पाऱ्याला माशात ना वास ना चव, आणि मासा मस्त तजेलदार दिसतो.

‘कुणाला काय झालं’ याचं उत्तर हवं असेल तर जपानची आगानो नदी बघा. पाऱ्याच्या विषबाधेसाठी जपानच्याच मिनामाताचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण ते समुद्राच्या खाडीचं प्रकरण. निइगाता प्रांतातलं १९६५ चं प्रकरण नदीचं आहे. वरच्या अंगाला ॲसिटाल्डिहाइड बनवणारा कारखाना, सांडपाण्यात मिथाइल पारा, आणि खालच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच नदीचे मासे खाणारी, तुमच्या मामांसारखीच. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, बोलणं अडखळणं, नजर बाजूने आवळत जाऊन नळीतून बघितल्यासारखी होणं. पिढ्यांनी खाल्लं होतं ते कारखान्याच्या आधीच्या नदीतलं, एवढीच त्या युक्तिवादातली गोम.

पण आईंनाही एक सांगा. कॅनडात ऑन्टारियोमध्ये ड्रायडनच्या कागद गिरणीच्या क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) प्लांटमधून १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत काही टन पारा सोडला गेला. खाली ग्रासी नॅरोजचे मूलनिवासी लोक, त्यांचं खाणं वॉलाय मासा आणि रोजगारही त्याच्यावरच. १९७० मध्ये व्यावसायिक मासेमारी बंद झाली. पारा तर होताच, वर कामही गेलं आणि ताटातला सगळ्यात चांगला प्रथिनांचा स्रोतपण, त्याच्या जागी आलं दुकानातलं स्वस्त डबाबंद खाणं. गाळातला पारा अजून त्रास देतोच आहे. तर ‘बंद करून टाका’ हे सांगायला सोपं असतं, ज्याच्या ताटात दुसरं काही नाही त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

काठावरचा

सगळ्यांचे आभार, बराच उजेड पडला. फोटो परत बघितला, खालची ओळ खरंच कापलेली आहे. पण मग वहिनीचं काय करायचं ते नेमकं सांगाल का कुणी? आणि आमच्याकडे डोक्याचा आणि काट्यांचा रस्सा होतो, बारके मासे अख्खेच खातात पोटासकट, खेकडेपण असतात. ते चालेल?

स्टेथो

मी डॉक्टर आहे पण इथे लिहितेय ते सर्वसाधारण, वहिनींच्या डॉक्टरांशी बोलाच.

गरोदरपणात मासे पूर्ण बंद करणं बहुतेक वेळा चुकीचं आहे. बाळाच्या मेंदूला डीएचए (माशातलं एक ओमेगा-३ मेद) लागतं, प्रथिनं, आयोडीन, सेलेनियम लागतं. २०१० साली एफएओ आणि डब्ल्यूएचओने बोलावलेल्या तज्ज्ञांनी फायदा आणि धोका एकत्र तोलून बघितला, आणि बहुतेक परिस्थितीत खाण्याचं पारडं जड निघालं. प्रश्न कुठला मासा हाच आहे. मिथाइल पारा वार ओलांडून जातो आणि नाळेच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त, साधारण पावणेदोन पट असतं. म्हणजे आईला काहीच जाणवत नाही आणि बाळाला डोस मिळत असतो.

हिशोब सोपा आहे. एफएओ-डब्ल्यूएचओच्या समितीची मिथाइल पाऱ्याची मर्यादा आठवड्याला किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम, ती पोटातलं बाळ डोळ्यासमोर ठेवूनच ठरवलेली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ती १.३ धरली आहे. साठ किलोच्या बाईला १.६ प्रमाणे आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असेल, म्हणजे मोठ्या शिकारी माशात सहज असू शकतो, तर साधारण १९० ग्रॅममध्ये आठवड्याचा कोटा संपला. तोच मासा ०.१ चा असेल तर ९६० ग्रॅम. पुतणीचं वजन १५ किलो धरलं तर तिला २४ मायक्रोग्रॅम, म्हणजे पहिल्या माशाचे ४८ ग्रॅम, दोन घास, आणि दुसऱ्याचे २४० ग्रॅम. बघा, मासा बदलला की केवढा फरक पडतो. बंद करण्यापेक्षा बदला.

आणि ज्या नदीबद्दल काहीच माहिती नाही तिथे काय? अमेरिकेत अशा वेळी असं सांगतात की त्या पाण्यातला मासा आठवड्यातून एकदाच खा, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठलाच मासा नको. मला हा नियम आवडतो कारण त्याला रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. वहिनींसाठी मी हेच करेन, त्यातही शिकारी मासा नको, मधल्या आकाराचा कार्प चालेल.

अजून एक, जे क्वचितच कुणी सांगतं. शरीरात लोह कमी असेल तर आतडं कॅडमियम आणि शिसं जास्त शोषतं. गरोदर बायकांत लोह कमी असणं किती सर्रास आहे ते मी रोज बघते. तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या, लोहाच्या गोळ्या नियमित चालू आहेत ना बघा, याचा फायदा माशांपलीकडेही आहे. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर आधी तिकडे बघा, तंबाखूचं पान मातीतून कॅडमियम ओढून घेतं, ओढणाऱ्यांच्या शरीरात ते न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं.

लॅबमधला_उंदीर

डोकं-काटे-पोट याबद्दल मी सांगतो. गळवाल्यांचा नियम पाऱ्यासाठी बरोबर आहे, छोटा मासा चांगला. पण कारखान्याच्या, खाणीच्या किंवा जुन्या बॅटऱ्या वितळवतात त्या जागेच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर शिसं-कॅडमियमसाठी तेवढं पुरत नाही, कारण तुम्ही छोटा मासा अख्खा खाता, म्हणजे कल्ले, यकृत, हाडं, आतड्यातला गाळ सगळंच. तिथे साफ करून, पोट आणि कल्ले काढून टाकले तर खरंच फरक पडतो, धुण्या-उकळण्याने पडत नाही तो इथे पडतो. रस्सा करायचा तर कल्ले काढूनच करा, आणि वहिनी आणि लहान मुलीला अशा पाण्यातल्या काट्यांचा रस्सा नकोच, त्यात आंबट घातलं की हाडातलं थोडंफार उतरतं. खेकड्याचं पायातलं पांढरं मांस ठीक, पण कवचाखालचा तो पिवळा-तपकिरी मऊ भाग म्हणजे त्याचं यकृत-स्वादुपिंड, कॅडमियम तिथेच साठतं. शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांच्यातही जास्त, युरोपात शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादाच किलोमागे १ मिलिग्रॅम ठेवलीये, साध्या माशाच्या मांसाला ०.०५.

कॅडमियमची घाई नसते, पण ते जातही नाही. माणसाच्या मूत्रपिंडात निम्मं व्हायला १० ते ३० वर्षं. मिथाइल पारा त्या मानाने लवकर जातो, रक्तात साधारण दीड-दोन महिन्यांत निम्मा.

निवांत_बसलोय

बरं बाबा, तासभर बुडवायचं कॅन्सल. पण मग डिटॉक्सच्या गोळ्या, क्लोरेला (शेवाळाची पूड) वगैरे? जाहिरातीत तर लघवीची टेस्ट करून आधी-नंतरचा रिपोर्ट दाखवतात.

स्टेथो

तो रिपोर्ट बघून माझा रक्तदाब वाढतो. आधी धातू खेचणारं औषध देतात, मग लघवी तपासतात, आणि औषध न घेतलेल्या लोकांच्या नॉर्मलशी तुलना करतात. जास्त येणारच ना! कुणाचीही येईल. खेचणारी औषधं खऱ्या विषबाधेत हॉस्पिटलमध्ये देतात, त्यांचे स्वतःचे धोके आहेत, गरोदर बाईला तर असल्या गोळ्या घरी अजिबात देऊ नका. माशातून पारा कमी करायचा तर त्याचं खाणं कमी करा, शरीर बाकीचं करतं.

तपासणी करायचीच तर योग्य ती करा. माशातल्या पाऱ्यासाठी रक्त किंवा केस, लघवी नाही, लघवीत अजैविक पारा दिसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो त्यामुळे मुळापासून मोजत गेलं की मागच्या महिन्यांचा अंदाज येतो. शिशासाठी शिरेतलं रक्त, अमेरिकेत लहान मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की घरात शिसं कुठून येतंय ते शोधायला लागतात. कॅडमियमचा जुना साठा लघवीत दिसतो.

गळ_आणि_गप्पा

आणि मासाच तपासून घ्यायचा असेल तर? मामांच्या नदीतला?

लॅबमधला_उंदीर

ते सगळ्यात उत्तम. एकच मासा देऊ नका, जो सगळ्यात जास्त खाता त्या जातीचे नेहमीच्या आकाराचे पाचसहा द्या, आणि एखादा मोठा शिकारी मासा वेगळा. प्रत्येकाची लांबी आणि वजन कागदावर लिहा, कुठे पकडला तेही. अख्खे, न कापता, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत बर्फात किंवा गोठवून न्या, घरी स्टीलच्या सुरीने तुकडे केले तर क्रोमियम-निकेल सुरीचंच यायची भीती. अन्न तपासणारी मान्यताप्राप्त लॅब बघा आणि त्यांना लेखी सांगा की मांसातला एकूण पारा हवा, शिसं आणि कॅडमियम मांसात वेगळं आणि तुम्ही काटे-डोकं खाता म्हणून त्यातलं वेगळं, सगळं ओल्या वजनावर, आणि किमान किती मोजता येतं तो आकडाही रिपोर्टवर हवा. तांबं-जस्त-लोह-मॅंगनीज असं लांबलचक पॅकेज विकतील, ते घेऊ नका, तांबं आणि जस्त शरीराला लागतात आणि माशाच्या मांसातून त्यांचा त्रास सहसा होत नाही. रिपोर्ट आला की इथेच टाका, पूर्ण टाका, खालच्या ओळीसकट.